सोलापुरातला वीकेंड लीडरशिप कोर्स : माल चांगला आहे, पण पाठवतात चुकीच्या माणसाला

सध्या आमच्या एमआयडीसीत नवीन टूम निघालीय, सुपरवायझरला लीडरशिपच्या कोर्सला पाठवायची. पगारवाढीचा विषय काढला की मालक म्हणतात थांब तुला एका चांगल्या कोर्सला घालतो. तर त्यातलीच मी एक. अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलच्या एका युनिटमध्ये चेकिंग-पॅकिंग बघते, हाताखाली सगळ्या बायका, निम्म्याहून जास्त घरी तेलुगू बोलणाऱ्या, मला अक्का म्हणतात. मालकांनी फी भरली आणि मी शहरातल्या एका खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये शनिवार-रविवारचा 'लीडरशिप थिअरी अँड प्रॅक्टिस' नावाचा सर्टिफिकेट कोर्स केला. इन्स्टिट्यूटचं नाव लिहीत नाही कारण खाली काही गोष्टींवर मी बोंब मारणार आहे आणि मला उगाच कुणाचा फोन नकोय. पण असे कोर्स आता गावात बरेच निघालेत, घाट जवळपास सारखाच असतो, त्यामुळं कुठल्याही कोर्सला जाणार असाल तरी हे वाचून जा.

आधी निकाल सांगून टाकते. थिअरीचे तास पैसे वसूल. प्रॅक्टिस म्हणून जे काही होतं ते निम्मं फेकून द्यायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा कोर्स मालकाने स्वतः करायचा आहे, त्याने पैसे भरून दुसऱ्याला पाठवायचा नाही. हे माझं मत नाही बरं का, हे कोर्सच्या सिलॅबसमध्येच आहे, पुढं येतंच.

बॅच मस्त होती. एका साखर कारखान्याचे शेती विभागातले साहेब, एका सहकारी बँकेच्या शाखेतल्या मॅनेजर मॅडम, खाजगी हॉस्पिटलमधल्या एक सिस्टर इन्चार्ज, झेडपी शाळेचे एक हेडमास्तर, यंत्रमागवाल्यांची दोन पोरं ज्यांना वडलांनी बळंच पाठवलंय हे चेहऱ्यावरच लिहिलेलं, आणि असेच बाकीचे. खरं सांगायचं तर अशी माणसं एका खोलीत एरवी लग्नातच भेटतात. निम्मं शिक्षण चहाच्या सुट्टीत झालं.

थिअरी शिकवायला एक रिटायर्ड प्रोफेसर होते. पांढरा शर्ट, खडू, पीपीटी नाही. पहिल्याच तासाला म्हणाले १८४० मध्ये थॉमस कार्लाइल नावाच्या माणसाने लंडनमध्ये भाषणं दिली की जगाचा इतिहास म्हणजे थोर माणसांचा इतिहास, आणि आपण अजून तिथंच बसलोय, ऑफिसात कुणाचा तरी फोटो लावून. मग विचारलं, सांगा बरं मे १९३० मध्ये सोलापूरचा लीडर कोण होता? सगळे गप्प. गांधीजींना अटक झाल्यावर इथं गोळीबार झाला, पोलीस हटले आणि ९, १०, ११ मे असे तीन दिवस शहर लोकांनीच चालवलं, स्वयंसेवक चौकात उभे राहून रहदारी बघत होते. मग मार्शल लॉ आला आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नावं आपल्याला पाठ आहेत, चौकातले पुतळे रोज बघतो, पण ते तीन दिवस शहर कुणी चालवलं म्हटल्यावर एक नाव सांगता येत नाही, कारण एक नाव नव्हतंच. मग सर म्हणाले की राल्फ स्टॉगडिल नावाच्या माणसाने १९४८ मध्ये त्याआधीचे सव्वाशेच्या आसपास अभ्यास चाळले, कुठल्या गुणांनी माणूस लीडर होतो ते शोधायला, आणि निघालं हे की नुसत्या गुणांवर ठरत नाही, एका ठिकाणचा लीडर दुसऱ्या ठिकाणी साधा माणूस असू शकतो, परिस्थिती बघावी लागते. असं मे १९३० वरून स्टॉगडिलवर नेणारा शिक्षक मला कॉलेजात भेटला असता तर मी बीकॉम नीट केलं असतं.

कुर्ट लेविनचा प्रयोग त्यांनी जवळजवळ पूर्ण तास चालवला आणि मला तोच सगळ्यात आवडला. लेविन हा जर्मनीतून १९३३ मध्ये निघून अमेरिकेला गेलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९३९ मध्ये त्याने आणि त्याच्या लिपिट आणि व्हाइट या सोबत्यांनी आयोवातल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या क्लबवरचा अभ्यास छापला. पोरं मुखवटे वगैरे बनवायची. एका गटावर हुकूम सोडणारा मोठा माणूस, एकात सगळ्यांना विचारून ठरवणारा, आणि एकात नुसता बसून राहणारा. हुकूमवाल्याकडं काम भरपूर व्हायचं, नाही असं नाही. पण तो खोलीबाहेर गेला की काम धडाधड खाली. विचारून करणारा माणूस बाहेर गेला तरी पोरं करत राहायची. हे ऐकल्यावर यंत्रमागवाल्यांचं एक पोरगं पहिल्यांदा बोललं, म्हणालं सर आमच्या पप्पांची गाडी गल्लीच्या तोंडाला दिसली की माग चालू होतेत आणि गाडी गेली की बंद. सगळे हसले पण सर हसले नाहीत, म्हणाले लिहून काढ, हाच तुझा प्रोजेक्ट.

मग ओहायो स्टेटवाल्यांचं आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या लोकांनी शेकडो प्रश्न घेऊन साहेब लोकांचं वागणं मोजलं आणि शेवटी दोनच गोष्टी उरल्या, एक कामाची घडी बसवणं आणि दुसरी माणसांची कदर करणं. ब्लेक आणि माउटन यांनी १९६४ मध्ये असंच काम आणि माणसं एका चौकोनात बसवून नऊ बाय नऊचा ग्रिड काढला, तो इथं प्रत्येक नोट्समध्ये असतो, परीक्षेला येतोच. ग्रिडबद्दल मी फार लिहीत नाही, चौकोनात स्वतःला ठिपका देऊन खूश व्हायचं एवढंच काम त्याचं.

पण ओहायोच्याच एका माणसाचं, एडविन फ्लाइशमनचं काम सरांनी सांगितलं ते मी अजून डोक्यात घेऊन फिरतीय. इंटरनॅशनल हार्वेस्टर म्हणून ट्रॅक्टर आणि ट्रक बनवणारी मोठी अमेरिकन कंपनी होती. तिने आपल्या फोरमन लोकांना शाळेत घालून माणसांशी नीट वागायचं ट्रेनिंग दिलं. फ्लाइशमनने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मोजलं. वर्ग संपला त्या दिवशी फोरमन एकदम बदललेले, कागदावर सगळे कदर करणारे. पण कारखान्यात परत गेल्यावर काही काळाने बघितलं तर ज्याचा वरचा साहेब जसा तसाच फोरमन. वरचा साहेब कदर करणारा असेल तर खालच्याचं शिक्षण टिकलं, वरचा खेकसणारा असेल तर खालचा पुन्हा खेकसायला लागला. ट्रेनिंगपेक्षा वरच्या माणसाची हवा जास्त चालली. आता मला सांगा, हे सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी मोजून ठेवलंय आणि अजून आपल्याकडं मालक एसीत आणि सुपरवायझर कोर्सला. हा तास झाल्यावर बँकेच्या मॅडम मला हळूच म्हणाल्या, आमच्या जीएमसाहेबांना हा एकच तास ऐकवला असता तरी बास होतं.

आपल्याकडचं काही शिकवतात का, तर हो, आणि सरांनी ते मन लावून शिकवलं. पाटण्याचे जय बी. पी. सिन्हा, १९८० च्या सुमारास त्यांनी मांडलं की आपल्याकडं नुसता लोकशाहीवाला साहेब लोकांना मऊ वाटतो आणि नुसता हुकूमवाला दुष्ट वाटतो, इथं चालतो तो माया करणारा पण कामात कडक असा माणूस. माया फुकट नाही, काम कराल तर माया. आणि मग हळूहळू माणसं तयार झाली की त्याने स्वतःच मागं सरकायचं आणि त्यांना ठरवू द्यायचं. हे ऐकताना मला आमच्या पूर्व भागातले जुने कारखानदार दिसायला लागले, पोरीच्या लग्नाला उचल देणारे, बारशाला येणारे, आणि दुसऱ्या दिवशी माल खराब निघाला तर सगळ्यांसमोर झाडणारे. सरांनी इथं एक बारीक गोष्ट दाखवली, की आपल्याकडचे मालक सिन्हांचा पहिला अर्धा भाग बरोबर करतात, माया आणि कडकपणा दोन्ही, पण दुसरा अर्धा, मागं सरकायचा, तो येतच नाही. उचल दिली की माणूस बांधला गेला, आता त्याला कशाला विचारायचं. हेडमास्तर म्हणाले सर हे शिक्षण खात्यालाही लागू आहे. लागू आहेच. गेर्ट हॉफस्टीड नावाच्या डच संशोधकाच्या आकड्यांत वरचा आणि खालचा यातलं अंतर मान्य करण्यात भारत ७७ वर आहे, ० ते १०० च्या मापात, म्हणजे साहेबाला उलट न बोलणं हे आपल्या अंगात मुरलेलंय.

याला जोडूनच सिस्टरांचा विषय निघाला. एमी एडमंडसन नावाच्या बाई हार्वर्डच्या, त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका मोजल्या. अंदाज असा की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघालं उलटं, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. नंतर कळलं की चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या, कारण तिथं सांगायची भीती नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी याला धरून जे लिहिलं ते आता सगळ्या मोठ्या कंपन्यांत मिरवतात. आमच्या सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडं रजिस्टर कोरं असलं की वरचे खूश, कोऱ्या रजिस्टरची मला मात्र धडकी भरते. अख्ख्या कोर्समध्ये कुणी बोललेलं हे सगळ्यात भारी वाक्य, आणि ते शिकवणाऱ्याने नाही, शिकणाऱ्या बाईने म्हटलं.

आता प्रॅक्टिसकडं. त्यासाठी पुण्याहून एक ट्रेनर यायचे, शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येऊन मुक्काम करायचे. कोट, कानाला माइक, आणि 'गुड मॉर्निंग' ला आवाज कमी आला तर परत म्हणायला लावणार. दहा मिनिटांत सगळ्यांना उभं करून टाळ्या, मग एकमेकांच्या खांद्यावर हात, मग डोळ्याला रुमाल बांधून दुसऱ्याने चालवायचं, मग पाठीमागं पडायचं आणि मागच्याने झेलायचं. मागच्या बाजूला आमचे साखर कारखान्यावरचे साहेब, त्यांना कंबरेचा त्रास, ते म्हणाले मी झेलणार नाही, पडायचं त्याने आपल्या जबाबदारीवर पडा. एप्रिलचं ऊन, हॉल वरच्या मजल्यावर, कूलरमध्ये पाणी संपलेलं, आणि हे म्हणतात एनर्जी दाखवा एनर्जी. खेळ वाईट असतात असं नाही, पण खेळ झाल्यावर आपल्या खात्यात याचं काय करायचं हे अर्धा तास बोलायला पाहिजे ना, तो अर्धा तास कधी आलाच नाही, लगेच पुढचा खेळ.

ट्रेनरांची सगळी उदाहरणं अमेरिकन सीईओंची नाहीतर क्रिकेट कॅप्टनची. कंपनी वर गेली की लीडर महान आणि कप हरला की लीडर बेकार. सरांनी दुसऱ्याच दिवशी नाव न घेता धुतलं, म्हणाले जेम्स माइंडल यांनी १९८५ मध्ये दाखवलंय की निकाल फार चांगला किंवा फार वाईट लागला की आपण सगळं खापर किंवा सगळा गुलाल लीडरवर टाकतो, बाकीची कारणं बघतच नाही. तेव्हा यंत्रमागवाली पोरं एकमेकांकडं बघून जे हसली ते बघण्यासारखं होतं.

आणि स्थानिक उदाहरणं काय कमी होती का? आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, परक्या भाषेत तिथल्या बेथ्यून हॉस्पिटलचे प्रमुख झाले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. परिस्थिती बदलली की माणूस कसा नेतृत्व करतो याला याहून चांगली केस कुठं मिळणार. किंवा परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि तिथंच निम्मी रक्कम बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकली. यावर आमच्यात चहाला जोरात वाद झाला, हेडमास्तर म्हणे हेच खरं नेतृत्व, शेती साहेब म्हणे हा दानशूरपणा झाला नेतृत्व वेगळं. मला वाटतं वर्गात असा वाद लावून द्यायचा आणि मग जेम्स बर्न्सचं १९७८ चं आणि बर्नार्ड बासचं १९८५ चं पुस्तक वाचायला द्यायचं, देवाणघेवाणीचा लीडर आणि माणूसच बदलवून टाकणारा लीडर हा फरक तेव्हा कळला असता. ट्रेनरांनी तो फरक एका स्लाइडवर सिंहाचा फोटो लावून संपवला.

सिच्युएशनल लीडरशिपचा चार्ट मात्र त्यांनी तीनदा दाखवला. हर्सी आणि ब्लँचार्ड यांचं १९६९ चं मॉडेल, माणूस नवखा असेल तर सांगा, थोडा तयार झाला की समजावा, मग सोबत घ्या, मग सोपवून द्या. हे मॉडेल म्हणजे आपली शेंगाचटणी आहे, कशाबरोबरही खपतं. संशोधनात त्याला म्हणावा तसा आधार मिळालेला नाही हे सरांनी स्पष्ट सांगितलं, पण नवीन पोरगी चेकिंगला आली की तिला पहिल्या आठवड्यात काय आणि चौथ्या महिन्यात काय हे ठरवायला मला ते उपयोगी पडतं, मग असू दे की. सरांना हे म्हटलं तर म्हणाले वापर बाई, फक्त त्याला विज्ञान म्हणू नको.

एक पैशांची तक्रार. मधेच एक पर्सनॅलिटी टेस्ट निघाली, फीमध्ये नाही, वेगळे पैसे. प्रश्न सोडवा आणि तुम्हाला चार अक्षरांचा एक प्रकार मिळतो. असल्या चार अक्षरी चाचण्यांवर मानसशास्त्राच्या लोकांचा फारसा विश्वास नाही, थोड्या आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. आमच्या सिस्टरांनी भरली नाही, मी पण नाही. ज्यांनी भरली त्यांना फ्रेम करण्यासारखा रंगीत कागद मिळाला.

आणि अजून एक गंमत, म्हणजे मला गंमत वाटली, इन्स्टिट्यूटला वाटली नसेल. सरांनी डोनाल्ड कर्कपॅट्रिकचं शिकवलं होतं, १९५९ पासूनचं, की ट्रेनिंग चांगलं झालं का ते चार पायऱ्यांवर बघायचं. लोकांना आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि शेवटी कामात फरक पडला का. शेवटच्या दिवशी इन्स्टिट्यूटने फॉर्म दिला, त्यात हसरा चेहरा, मधला चेहरा, रडका चेहरा, आणि चहा-नाश्ता कसा होता. पहिली पायरी, बास. नंतर आजपर्यंत एक फोन नाही की बाई तुमच्या खात्यात काय झालं. ज्या गोष्टीचा तास घेऊन पैसे घेतले तीच स्वतः करत नाहीत. अर्थात पोहे चांगले होते, तो चेहरा मी हसराच भरला.

आता प्रोजेक्टबद्दल जरा सविस्तर, कारण कोर्समधली खरी प्रॅक्टिस ती होती आणि तिचं श्रेय पण सरांचंच. प्रत्येकाने आपल्या ठिकाणची एक अडचण घ्यायची, काही आठवडे नुसती बघायची, लिहायची, काहीतरी छोटं बदलून बघायचं आणि वर्गात मांडायचं. अडचण निवडायच्या आधी त्यांनी रोनाल्ड हायफेट्झचा १९९४ चा फरक समजावला, काही अडचणी तांत्रिक असतात, जाणकार आणला की सुटतात, आणि काही अशा की लोकांना स्वतःच्या सवयी, स्वतःचा फायदा सोडावा लागतो, तिथं जाणकार काही करू शकत नाही. आपली बहुतेक फजिती दुसऱ्या प्रकारच्या अडचणीला पहिल्या प्रकारची समजल्यानं होते.

माझी अडचण अशी. मागावर तार तुटून पट्टा पडतो, तेलाचा डाग लागतो, हे विणणाऱ्याला दिसतं. पण तो बोलत नाही, कारण डागाचे पैसे कापतात. मग ते कापड धुऊन, कटिंग होऊन, शिलाई होऊन माझ्या टेबलावर येतं आणि तिथं माझ्या बायकांना सापडतं, तोवर सगळी मजुरी त्यावर लागलेली, आणि टॉवेल सेकंड क्वालिटीमध्ये. मालक म्हणत होते नवीन लाइटचं चेकिंग टेबल घेऊ. म्हणजे तांत्रिक उपाय. मी मांडलं की टेबल नको, विणणाऱ्याने खराबी दिसली की तिथं काठाला लाल दोरा बांधायचा, आणि दोरा बांधलेल्या खराबीचे पैसे कापायचे नाहीत, न बांधलेली सापडली तर कापा. मालकांनी चाचणीपुरतं हो म्हटलं. पहिले काही दिवस एक दोरा नाही. जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, मला म्हणाला, काय शिकूलालाव ओ अक्का तिकडं, दोऱ्यानं पैसे वाचतेत व्हय. मग एका वयस्कर कामगाराने पहिला दोरा बांधला, पगाराच्या दिवशी सगळ्यांनी त्याचा हिशोब बघितला, पैसे कापलेले नव्हते, आणि पुढच्या आठवड्यात दोरेच दोरे. मालक घाबरले, म्हणाले एवढी खराबी वाढली कशी. मी सिस्टरांचं रजिस्टर सांगितलं. खराबी आधीपण एवढीच होती हो, आता दिसायला लागली. ज्या मागावर जास्त दोरे यायचे तो फिटरने उघडला तर आतच दोष निघाला.

वर्गात हे मांडलं तेव्हा टाळ्या पडल्या, सरांनी नोट्सच्या मागं काहीतरी लिहून घेतलं. पण कोर्स संपल्यावर एका मोठ्या ऑर्डरचा कंटेनर जायचा होता, घाई होती, त्या महिन्यात ऑफिसने दोऱ्यावालेसुद्धा पैसे कापले. कुणी ओरडलं नाही, भांडण नाही काही नाही. नुसते दोरे बंद झाले. एका आठवड्यात. फ्लाइशमनचा कागद मी मालकांच्या टेबलावर ठेवला नाही, त्यांना कोण इंग्रजी वाचून दाखवणार, पण तोंडी सांगितलं, की तुम्ही मला जे शिकायला पाठवलं ते मी शिकून आले आणि आता तुमच्या एका सहीवर ते अडलंय. छोटे मालक म्हणाले बघू. बघू म्हणजे आपल्याकडं काय असतं सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांनी पुढच्या बॅचची चौकशी केलीय असं अकाउंटवाल्या बाई सांगत होत्या.

तर कुणी जावं. स्वतःचा कारखाना, दुकान, शाळा, पतसंस्था चालवणारा माणूस असेल, ज्याच्या सहीने नियम बदलतो, त्याने डोळे झाकून जावं, थिअरीचे सगळे तास बसावं आणि टाळ्यांच्या वेळी फोन आला म्हणून बाहेर पडावं. सुपरवायझर, इन्चार्ज असाल आणि कंपनी पैसे भरत असेल तर जा, पण पाठवणाऱ्याकडून आधीच एक गोष्ट कबूल करून घ्या, की परत आल्यावर एक बदल करायची मुभा द्याल आणि घाईच्या महिन्यातसुद्धा तो मोडणार नाही. ते कबूल करत नसतील तर शनिवार-रविवार घरी झोपा, खरंच. स्वतःच्या खिशातून अठरा हजार भरून सर्टिफिकेटसाठी जायचं असेल तर नका जाऊ, मुलाखतीत त्याला कुणी विचारत नाही. नुसती थिअरी समजून घ्यायची असेल तर स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर लीडरशिपचे कोर्स फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी, फक्त तिथं तुम्हाला कोऱ्या रजिस्टरवाल्या सिस्टर भेटणार नाहीत.

भाषेचं पण सांगते. नोट्स सगळ्या इंग्रजीत, जाडजूड, कुठून तरी उचललेल्या. सर मराठीत शिकवतात, मधेच कन्नड म्हण टाकतात, त्यामुळं इंग्रजी कच्चं असलं तरी काही अडत नाही. प्रोजेक्ट मराठीत लिहू देतात पण हे स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. पार्किंग नाही, दुचाकीच न्या. फी दोन हप्त्यांत चालते. आणि भरायच्या आधी ऑफिसात एवढंच विचारा की थिअरी रिटायर्ड सरच घेणार आहेत का, कारण शेवटच्या तासाला ते म्हणत होते की गुडघे दुखतात, तिसरा मजला आता जमत नाही. दुसरं कुणी घेणार असेल तर आधी एक तास फुकट बसू द्या म्हणावं, देतात बसू, हेडमास्तर तसेच बसले होते.